जोडणारा वेगळा, ठरवणारा वेगळा

सुरुवातीच्या टेलिफोनला नंबर नव्हते. अमेरिकेतल्या न्यू हेवन या गावी जानेवारी १८७८ मध्ये पहिले व्यापारी एक्स्चेंज सुरू झाले आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या ग्राहकांची यादी छापून आली. एका पानाच्या त्या यादीत नावे होती, नंबर एकही नव्हता. फोन उचलून ऑपरेटरला नाव सांगितले, की बोर्डावर दोर खोचून दोघांची गाठ घालून दिली जाई. पण ऑपरेटरचे काम तेवढ्यावर संपत नसे. डॉक्टर दवाखान्यात नाहीत, शेजारच्या गावी रुग्ण पाहायला गेलेत, हे तिला माहीत असे. दुकान बंद झाल्यावर आलेला फोन मालकाच्या घरी द्यायचा, हेही तिला सांगून ठेवता येई. आपल्याकडच्या ट्रंक कॉलच्या काळात ‘पी. पी. कॉल’ बुक केलेल्यांना हे आठवेल. नुसता नंबर नव्हे, अमुक एक माणूसच फोनवर हवा, असे ऑपरेटरला सांगण्याची तिथे सोय होती.

ऑपरेटर दोन कामे करत होती. कॉल कुठे जायला हवा हे ती ठरवत होती आणि मग तो तिथे जोडत होती. यंत्र आले तेव्हा त्याने जोडण्याचे काम उत्तम उचलले; ठरवण्याचे काम मात्र जवळजवळ शंभर वर्षे कोणाकडेच उरले नाही. ते पुन्हा जाळ्यात आणण्यासाठी जी व्यवस्था उभी राहिली तिला ‘इंटेलिजंट नेटवर्क’ म्हणतात. १८०० ने सुरू होणारा टोल फ्री नंबर, मोबाइलचा प्रीपेड बॅलन्स, कंपनी बदलली तरी टिकणारा नंबर या सगळ्यांच्या मुळाशी तीच कल्पना आहे.

नंबर म्हणजे वाट

नंबरांची गरज पहिल्यांदा जाणवली ती एका साथीमुळे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लॉवेल गावात १८७९ च्या सुमारास गोवराची साथ पसरली. गावातले सगळे ऑपरेटर एकदम आजारी पडले तर बदलीच्या माणसांना कोणाचे भोक कोणते हे कळणार कसे, अशी चिंता डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांना पडली. प्रत्येक ग्राहकाला नंबर द्या, असे त्यांनी सुचवले. गाव ओळखणारा ऑपरेटर नसला तरी काम चालावे, हा त्यामागचा हेतू होता.

पुढचे पाऊल अल्मन स्ट्राउजरने टाकले. कॅन्सस सिटीत तो अंत्यविधीचे सामान पुरवण्याचा धंदा करी. आपली गिऱ्हाइके ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळवते, असा त्याला संशय होता, असे सांगतात. संशय खरा असो वा खोटा, ऑपरेटरविना चालणाऱ्या स्विचचे पेटंट त्याला १८९१ मध्ये मिळाले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी असे एक्स्चेंज सुरू झाले. भारतात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्यात १९१३-१४ मध्ये बसले.

स्ट्राउजरच्या यंत्रात डायल फिरवली की विजेचे ठोके जात. ‘चार’ फिरवले की चार ठोके, आणि एक्स्चेंजमधला दांडा चार घरे वर चढे. पुढच्या आकड्याने तो आडवा सरके, त्यापुढचा आकडा पुढच्या स्विचला हलवी. अशा पायऱ्या चढत कॉल नेमक्या तारेपाशी पोहोचे. नंबर ही एका अर्थी यंत्राला सांगितलेली वाटच होती. म्हणून घर बदलून दुसऱ्या एक्स्चेंजच्या हद्दीत गेले की नंबर बदलावा लागे. तार तिथे नाही, तर तिथे नेणारी वाट तरी कशी राहणार?

नंतर ‘क्रॉसबार’ नावाच्या सुधारित यांत्रिक स्विचची एक्स्चेंज आली. १९६५ साली न्यू जर्सीतल्या सकासुना गावी ‘नंबर १ ईएसएस’ हे संगणकाच्या आज्ञावलीवर चालणारे मोठे एक्स्चेंज सुरू झाले. आता कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणे, बोलत असताना दुसरा कॉल आल्याचे कळवणे अशा सोयी तारा न हलवता देता येऊ लागल्या. पण प्रत्येक एक्स्चेंजची आज्ञावली त्याच्या त्याच्या पोटात. एकाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

हुकूम आणि बोलणे एकाच तारेवर

दोन एक्स्चेंज एकमेकांशी बोलत ते ज्या तारेवरून माणसे बोलत त्याच तारेवरून. पुढच्या एक्स्चेंजला नंबर कळवायचा तर ठरावीक सुरांच्या जोड्या वाजवायच्या. लांब पल्ल्याची लाइन मोकळी आहे हे सांगायला अमेरिकेत २६०० हर्ट्झचा सूर असे. याचे दोन तोटे होते.

पहिला तोटा खर्चाचा. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला फोन लावला तर आधी सगळी लाइन टोकापासून टोकापर्यंत अडकवायची आणि मग कळायचे की पलीकडचा फोन एंगेज आहे. तेवढा वेळ महागडी लाइन फुकट गेली. दुसरा तोटा चोरीचा. तोच सूर ग्राहकाने आपल्या रिसीव्हरमध्ये वाजवला तर यंत्राला वाटे, हा हुकूम दुसऱ्या एक्स्चेंजचाच आहे. ‘ब्लू बॉक्स’ नावाच्या डब्या घेऊन जगभर फुकट फोन करणाऱ्यांची एक टोळीच अमेरिकेत तयार झाली. पुढे ‘ॲपल’ काढणाऱ्या स्टीव्ह वॉझनियॅक आणि स्टीव्ह जॉब्झ यांनीही अशा डब्या बनवून विकल्या होत्या.

उपाय रेल्वेवाल्यांना केव्हाच ठाऊक होता. स्टेशनमास्तर गाडी सोडून मग पुढे रूळ मोकळा आहे का, हे पाहत बसत नाही. आधी पुढच्या स्टेशनाकडून वेगळ्या तारेवर ‘लाइन क्लिअर’ घेतो. टेलिफोनमध्येही हुकमांची ने-आण वेगळ्या जाळ्यावर टाकण्यात आली. एटी अँड टी कंपनीने १९७६ मध्ये अशी पद्धत सुरू केली आणि १९८० मध्ये तिची आंतरराष्ट्रीय आवृत्ती ठरली, ती ‘सिग्नलिंग सिस्टिम नंबर ७’, म्हणजेच एसएस-७. तिच्यात एक्स्चेंज एकमेकांना छोटे छोटे डिजिटल संदेश पाठवतात. पलीकडचा फोन मोकळा आहे हे आधी कळते, मग आवाजाची लाइन राखली जाते. पूर्वी लांबचा कॉल लागायला दहा सेकंदांच्या आसपास वेळ जाई, तो दोन-तीन सेकंदांवर आला.

या नव्या जाळ्याचा खरा लाभ पुढे दिसला. संदेश पाठवण्याचे जाळे आहेच, तर तो दुसऱ्या एक्स्चेंजलाच कशाला पाठवायचा? माहिती साठवलेल्या एखाद्या संगणकालाही प्रश्न विचारता येईल.

एका टोल फ्री कॉलचा प्रवास

अमेरिकेत फोन घेणाऱ्याने पैसे भरायचे ‘८००’ नंबर १९६७ पासून होते. पण ते स्ट्राउजरच्या चाकोरीतलेच होते. खास लाइन घ्यावी लागे, देशाचे पट्टे पाडलेले होते, आणि राज्यातल्या गिऱ्हाइकांना एक नंबर तर राज्याबाहेरच्यांना दुसरा, असा प्रकार असे. एटी अँड टीच्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या रॉय वेबरला १९८० मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले तिने हे सगळे बदलले. ८०० नंबर कोणत्याच तारेचा नसेल. तो लावला की जाळे एका डेटाबेसला विचारेल, याचा खरा नंबर कोणता? १९८१ मध्ये एटी अँड टीने ही सेवा सुरू केली.

आपल्याकडच्या उदाहरणाने पाहू. सांगलीतल्या एका ग्राहकाने बिघडलेल्या फ्रिजची तक्रार करायला कंपनीचा १८०० चा नंबर लावला. एक्स्चेंजने आकडे वाचले आणि १८०० दिसताच कॉल जागीच थांबवला. अशा थांबण्याच्या जागा आज्ञावलीत आधीच ठरवलेल्या असतात. काही आकडे लावल्यावर, पलीकडे एंगेज मिळाल्यावर किंवा घंटी वाजूनही कोणी उचलले नाही तर, अशा ठिकाणी एक्स्चेंज स्वतः निर्णय घेत नाही, वर विचारते. असे थांबून विचारू शकणाऱ्या एक्स्चेंजला ‘सर्व्हिस स्विचिंग पॉइंट’ म्हणतात.

प्रश्न एसएस-७ च्या जाळ्यातून निघतो. तो योग्य ठिकाणी पोहोचवणारी केंद्रे जोडीजोडीने बसवलेली असतात. एक बंद पडले तर दुसरे काम चालवते. शेवटी संदेश ‘सर्व्हिस कंट्रोल पॉइंट’ नावाच्या संगणकाकडे येतो. त्यात लावलेला नंबर असतो आणि लावणाऱ्याचाही. संगणक कंपनीने भरून दिलेला तक्ता पाहतो. कॉल पश्चिम महाराष्ट्रातून आलाय, आज रविवार आहे, संध्याकाळचे सहा वाजून गेलेत. तर पुण्याचे केंद्र बंद, नागपूरला द्या. नागपूरला गर्दी असेल तर दर दहा कॉलमागे तीन हैदराबादला. उत्तरात खरा नंबर येतो आणि बिल घेणाऱ्याच्या नावावर टाका, अशी सूचनाही. मग कुठे सांगलीचे एक्स्चेंज कॉल जोडते. हे सगळे एका सेकंदाच्या आत होते आणि ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

कधी ग्राहकाला काही विचारावे लागते. ‘मराठीसाठी एक दाबा’ म्हणणारा आवाज, कार्डाचा नंबर टिपून घेणारे यंत्र ही कामे तिसऱ्या उपकरणाकडे असतात. एक्स्चेंज कॉल तेवढ्यापुरता त्याच्याकडे देते, आकडे मिळाले की परत घेते. बीएसएनएलचे ‘इंडिया टेलिफोन कार्ड’ असेच चाले. कार्डावरचा नंबर खरवडायचा, कोणत्याही फोनवरून तो सांगायचा आणि बोलायचे. पैसे त्या फोनच्या बिलात न येता कार्डातून कापले जात. टोल फ्री क्रमांक, संपूर्ण देशात चालणारा एकच युनिव्हर्सल नंबर, फोनवरून मतदान या सेवाही त्याच व्यवस्थेवर चालल्या.

मतदानाची गंमत वेगळीच. २००५ साली मुंबईचा अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला तो प्रेक्षकांनी फोन आणि एसएमएसने दिलेल्या मतांवर. कार्यक्रम चालू असताना लाखो लोक एकाच नंबरवर तुटून पडले तर जुनी एक्स्चेंज गुदमरून जात आणि शेजाऱ्यांचे साधे फोनही लागत नसत. नव्या व्यवस्थेत मत मोजायला कोणाला कोणाशी जोडावेच लागत नाही. नोंद झाली, आभाराचा आवाज वाजला, काम संपले. त्यातूनही लोंढा वाढला तर मधला संगणक सगळ्या एक्स्चेंजना कळवतो की या नंबरचे कॉल ठरावीक अंतरानेच पुढे सोडा. गर्दी तिच्या उगमापाशीच अडते.

नवी सेवा, जुनी एक्स्चेंज

या व्यवस्थेला आजचे नाव मिळाले ते १९८० च्या दशकाच्या मध्यात, आणि त्यामागे एक मोठी फाळणी होती. १ जानेवारी १९८४ रोजी एटी अँड टीची मक्तेदारी मोडली आणि स्थानिक टेलिफोन सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेले. त्यांच्याकडे वेगवेगळ्या कारखान्यांची एक्स्चेंज होती. एखादी नवी सेवा आणायची तर प्रत्येक कारखान्याने आपली आज्ञावली बदलायची, ती तपासायची, मग शेकडो एक्स्चेंजमध्ये भरायची. यात वर्षे जात, आणि सेवा कोणती व कधी आणायची हे प्रत्यक्षात यंत्र विकणारा ठरवी.

या सात कंपन्यांची सामाईक संशोधन संस्था होती बेलकोर. तिने म्हटले, एक्स्चेंजला फक्त थांबणे, विचारणे आणि जोडणे शिकवा. सेवेची रीत मधल्या संगणकात ठेवा. म्हणजे सेवा एकाच ठिकाणी बदलली की सगळीकडे बदलेल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने याचे मानक ठरवले. सेवा तयार करायला सुटे घटक दिले. नंबर बदला, वेळ तपासा, आकडे घ्या, खाते पाहा असे घटक एकापुढे एक ठेवले की नवी सेवा तयार होते. वर्षांचे काम महिन्यांवर आले.

दुसरा परिणाम बाजारावर झाला. अमेरिकेत ८०० नंबरांचे पुढचे तीन आकडे कोणत्या कंपनीचे हे ठरलेले होते. कंपनी बदलली की जाहिरातींत छापलेला नंबर हातचा जाई. १ मे १९९३ पासून सामाईक डेटाबेस आला आणि नंबर ग्राहकाचा झाला.

खिशातले बुद्धिमान जाळे

लँडलाइनसाठी जन्मलेल्या या कल्पनेला खरी सुगी लाभली ती मोबाइलमध्ये. प्रीपेडचेच पाहा. महिन्याच्या शेवटी बिल देण्याच्या पद्धतीत ग्राहकाची पत पाहावी लागते, अनामत घ्यावी लागते, वसुलीला माणूस पाठवावा लागतो. प्रीपेडमध्ये प्रत्येक कॉल लागण्याआधी जाळे हिशेबाच्या संगणकाला विचारते, याच्या खात्यात किती आहेत? उत्तर येते, इतकी मिनिटे बोलू दे, मग पुन्हा विचार. पैसे संपले की कॉल तोडण्याचा हुकूमही तिथूनच येतो. आपल्या गावाबाहेर, दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यातही हे चालावे म्हणून जीएसएम पद्धतीत ‘कॅमल’ नावाचे मानक १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आले.

भारतात मोबाइल वापरणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक प्रीपेड आहेत. भाजीविक्रेती, रिक्षावाला, ऊसतोड मजूर यांच्या हाती फोन आला त्यामागे स्वस्त हँडसेट आणि उतरलेले दर होतेच; पण पगाराचा दाखला न मागता दहा रुपयांच्या रिचार्जवर सेवा देणे परवडले ते या विचारपूस करणाऱ्या जाळ्यामुळे.

नंबर पोर्टेबिलिटीही त्याच घरातली. भारतात ती २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाली. त्याआधी मोबाइल नंबरचे पहिले चार आकडे वाचून कंपनी आणि सर्कल सांगता येत असे. आता ते आकडे फक्त जन्मस्थान सांगतात. आपण नंबर लावला की आपलीच कंपनी पोर्ट झालेल्या नंबरांची यादी तपासते, सध्याच्या कंपनीचा संकेतांक त्याला जोडते आणि मग कॉल पाठवते. ३ जुलै २०१५ पासून हे सर्कल ओलांडूनही चालू लागले. मुंबईहून बंगळूरला नोकरीसाठी गेलेल्याला नंबर बदलावा लागत नाही. स्ट्राउजरच्या काळात तार हलली की नंबर मरत असे. आज नंबर माणसामागे फिरतो.

मेंदू मधोमध ठेवण्याची किंमत

निर्णय एका जागी आणि हुकूम एका जाळ्यावर, म्हणजे चूकही एका झटक्यात सगळीकडे. १५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कमधले एटी अँड टीचे एक मोठे एक्स्चेंज किरकोळ बिघाडानंतर स्वतःला पुन्हा चालू करून घेत होते. ‘मी परत कामावर आलो’ असे संदेश त्याने शेजाऱ्यांना पाठवले. ते संदेश हाताळणाऱ्या आज्ञावलीत एक ओळ चुकीच्या जागी पडली होती. संदेश घेता घेता शेजारी कोलमडले, सावरले, आणि सावरल्याचे संदेश त्यांनीही पाठवले. देशभरातली ११४ एक्स्चेंज एकमेकांना अशी पाडत राहिली. नऊ तास हा प्रकार चालला आणि कोट्यवधी कॉल लागले नाहीत.

दुसरा दोष विश्वासाचा. एसएस-७ ठरले तेव्हा जाळ्यात मोजक्या, बहुतेक सरकारी कंपन्या होत्या. प्रश्न विचारणारा खरा कोण, हे तपासण्याची तजवीज ठेवलीच नाही. पुढे हजारो कंपन्या जोडल्या गेल्या. कोणताही फोन कुठे आहे ते शोधता येते, कॉल आणि एसएमएस वळवता येतात, हे डिसेंबर २०१४ मध्ये टोबियास एंगेल आणि कार्स्टन नोल या जर्मन तज्ज्ञांनी जाहीरपणे दाखवून दिले. २०१७ मध्ये जर्मनीतल्या काही बँक ग्राहकांचे एसएमएसने येणारे संकेतांक याच वाटेने पळवले गेले आणि खाती रिकामी झाली. एसएमएस एसएस-७ च्या संदेशांतूनच जातो हे लक्षात घेतले, की बँका ओटीपीऐवजी ॲपमधली खातरजमा का सुचवतात ते कळते.

शहाणपण कुठे असावे?

१९९७ साली एटी अँड टीतल्याच डेव्हिड आयसेनबर्ग या संशोधकाने ‘मठ्ठ जाळ्याचा उदय’ अशा अर्थाचा निबंध लिहून घरच्यांनाच धक्का दिला. त्याचे म्हणणे असे की जाळ्याने फक्त माल वाहावा. अक्कल टोकांना, म्हणजे ग्राहकाच्या संगणकात असावी. इंटरनेटने त्याचे बरेचसे म्हणणे खरे केले. टेलिफोन कंपन्या घटक जुळवून ज्या शेकडो सेवा आणणार होत्या त्या आल्या नाहीत. त्यांच्या जागी व्हॉट्सॲप आले आणि ते बनवायला कोणत्याही एक्स्चेंजची परवानगी लागली नाही.

पण आयसेनबर्ग पूर्ण बरोबर ठरला नाही. हा नंबर आज कोणाचा आहे, तो माणूस आत्ता कोणत्या टॉवरखाली आहे, पैसे कोण देणार, या तीन प्रश्नांची उत्तरे टोकाला बसून देता येत नाहीत. म्हणून आजच्या ४-जी आणि ५-जी जाळ्यांत एसएस-७ ची जागा नव्या भाषांनी घेतली, आवाज डेटाच्या पाकिटांतून जाऊ लागला, तरी कॉल मध्येच थांबवून वेगळ्या संगणकाला विचारण्याची रीत कायम राहिली. संगणकांच्या जाळ्यांतही आता ठरवणारा भाग आणि वाहणारा भाग वेगळा काढण्याकडे कल आहे.

इंटेलिजंट नेटवर्कची खरी कमाई म्हणूनच सेवांच्या संख्येत मोजू नये. कल्पक सेवांच्या शर्यतीत ते इंटरनेटपुढे हरले. नंबराला तारेपासून सोडवून माणसाच्या मालकीचा करण्यात मात्र ते जिंकले, आणि हा विजय कंपन्यांपेक्षा ग्राहकांना अधिक लाभला. सेवा पसंत नसेल तर नंबर न गमावता दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा हक्क आज प्रत्येक मोबाइलधारकाकडे आहे. १९०० वर ‘पोर्ट’ आणि पुढे आपला नंबर असा एसएमएस पाठवला की त्याची सुरुवात होते.